रानटर्कीच्या शिकारीसाठी ठिकाण निवडताना: परवान्यापासून बर्फाच्या पेटीपर्यंतची तयारी

सुरुवात पक्ष्यापासून करा. ठिकाण त्याच्या मागोमाग येतं. रानटर्की दुरून सगळी एकसारखी वाटते, पण तिच्या उपजाती वेगळ्या आणि प्रत्येकीचा मुलूखही वेगळा. ईस्टर्न ही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागातली, मिसूरी, केंटकी, टेनेसीपासून वर न्यूयॉर्क आणि व्हरमाँटपर्यंत. तिच्या शेपटीची कड तांबूस-तपकिरी, नर 8 ते 11 किलोचा आणि आवाज दणदणीत. ओसिओला फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडते. सेमिनोल लोकांच्या ओसिओला या नेत्यावरून तिचं नाव पडलं. पंख जास्त काळे, त्यावरचे पांढरे पट्टे बारीक आणि तुटक. रिओ ग्रांदे ही टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मोकळ्या रानातली, कड फिक्या बदामी रंगाची. मेरियम्स पश्चिमेच्या पाइनच्या डोंगरांतली, कड जवळजवळ पांढरी. या चौघींचा एकेक नर मिळवला की त्याला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, आणि बऱ्याच जणांचं स्वप्न तेच असतं. पाचवी गूल्ड्स, मेक्सिकोच्या सिएरा माद्रेत. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला ती थोडी आहे, पण तिथले परवाने मोजके आणि सोडतीने मिळतात. युकातानच्या जंगलातली ऑसिलेटेड टर्की ही तर स्वतंत्र प्रजातीच: तिच्या छातीवर दाढी (केसांसारख्या पिसांचा झुबका) नसते आणि ती गॉबलही (टर्की नराची गडगडती आरोळी) करत नाही, त्यामुळे इतर टर्कींवर शिकलेलं निम्मं तंत्र तिथे उपयोगी पडत नाही.

पहिल्याच मोहिमेसाठी ओसिओला निवडू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिचा मुलूख लहान, मागणी देशभरातून, त्यामुळे खासगी जमिनीवरची शिकार महाग पडते आणि ग्रीन स्वॅम्पसारख्या सरकारी रानात कोटा परवान्याची सोडत लागते. रिओ आणि मेरियम्स यांचे नर मोकळ्या रानात लांबून ऐकू येतात, लांबून दिसतात आणि सादेला, म्हणजे शिकाऱ्याने काढलेल्या टर्कीच्या नकली हाकेला, जास्त सहज येतात. शिकणाऱ्याला चूक सुधारण्याची संधी तिथे दोन-तीनदा मिळते.

पक्षी ठरला की लगेच परवान्याचा प्रकार बघा, कारण सहली बारगळतात त्या बहुतेक इथेच. काही राज्यांत बाहेरच्या माणसालाही परवाना थेट विकत मिळतो. काहींत सोडत असते. काहींत संख्येवर मर्यादा असते आणि ती संपली की विक्री बंद. हे नियम अलीकडे झपाट्याने बदलले आहेत. कॅन्ससमध्ये पूर्वी बाहेरच्यांना वसंत हंगामाचा परवाना सहज मिळे, 2024 पासून तिथे सोडत आहे. नेब्रास्कानेही बाहेरच्यांच्या परवान्यांना मर्यादा घातली. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावर विमानाचं तिकीट काढू नका. राज्याच्या वन्यजीव खात्याचं चालू वर्षाचं नियमपत्रक डाउनलोड करा आणि मुळातून वाचा. सोडतीच्या तारखा हंगामाच्या कित्येक महिने आधी, बहुधा हिवाळ्यातच संपतात. एप्रिलात जायचं असेल तर मागच्या ऑक्टोबरात कागद हातात घ्यायला हवेत. टर्कीच्या परवान्याशिवाय मूळ शिकार परवाना आणि अधिवासासाठीचा स्टॅम्प (वन्यजीवांच्या अधिवासासाठी भरलेल्या शुल्काची पावती), असे दोन-तीन तुकडे वेगवेगळे घ्यावे लागतात. न्यू मेक्सिकोत राष्ट्रीय वनात शिरायचं तर हा स्टॅम्प लागतोच, आणि तो विसरला तर बाकी सगळं बरोबर असूनही दंड होतो.

हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र त्याआधी. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 ला किंवा नंतर जन्मलेल्याला ते लागतं, मिसूरीत 1 जानेवारी 1967 ला किंवा नंतर. प्रत्येक राज्याची तारीख निराळी. एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालतं, म्हणून जिथे राहता तिथेच करून घ्या. काही राज्यांत प्रौढांसाठी सगळा अभ्यासक्रम ऑनलाइन होतो, काहींत शेवटी एक दिवस प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, आणि त्या दिवसाच्या जागा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून जातात.

अमेरिकेत नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार संपलीच, त्यामुळे बंदुकीच्या कायद्याची सवय आपल्या घरांत राहिलेली नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-वन-बी, एफ-वन अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. या मनाईला जे अपवाद आहेत त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे कुठल्याही एका राज्याचा वैध शिकार परवाना. तेव्हा क्रम पक्का ठेवा: परवाना आधी हातात, मग बंदुकीला हात. मित्राच्या बंदुकीने सराव करायला गेलात तरी हेच. परवान्याची मुदत संपली की तोच माणूस त्याच बंदुकीसह गुन्हेगार ठरू शकतो, म्हणून संपण्याची तारीख फोनमध्ये नोंदवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. राज्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको.

जमीन कुणाची, हा पुढचा प्रश्न. टेक्सासमध्ये बहुतेक सगळी जमीन खासगी आहे. तिथे जायचं म्हणजे रँचमालकाकडून दिवसाच्या भावाने किंवा आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करणारा, याच्यामार्फत जायचं. एडवर्ड्स पठारावर रिओ भरपूर आहेत आणि पैसे मोजायची तयारी असेल तर पहिल्या पक्ष्यासाठी ती जागा उत्तम. पैसे देण्यापूर्वी आउटफिटरला विचारून लेखी घ्या: एका वेळी किती शिकारी असतील, या आठवड्याआधी त्याच जमिनीवर किती जण येऊन गेले असतील, नेम चुकून पक्षी जखमी होऊन निसटला तर तो तुमच्या हिश्श्यात धरणार का. या तिसऱ्या प्रश्नावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. मिसूरीतलं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन सुमारे 15 लाख एकरांचं आहे, साउथ डकोटातलं ब्लॅक हिल्स सुमारे 12 लाखांचं, न्यू मेक्सिकोतलं हिला 33 लाखांचं; या रानांत प्रवेशाला पैसे नाहीत, घाम मात्र गाळावा लागतो. कॅन्सस आणि नेब्रास्कात राज्य सरकार शेतकऱ्यांकडून शिकारीपुरते हक्क घेऊन खासगी जमीन खुली करतं. त्यांचे नकाशे दरवर्षी नवे निघतात, जुना वापरू नका. फोनमध्ये मालकीहद्दी दाखवणारं अ‍ॅप घ्या आणि नकाशे इंटरनेटशिवाय चालतील असे उतरवून ठेवा, कारण जिथे टर्की असते तिथे सिग्नल बहुधा नसतो.

आता एक गोष्ट, जी फार थोडे लोक बघतात आणि जिच्यामुळे सहल बनते किंवा फसते. सर्वांत जास्त ओरडणारा आणि सादेला धावत येणारा नर दोन वर्षांचा असतो. म्हणजे यंदाचा हंगाम दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ठरलेला असतो. बरीच राज्यं दर उन्हाळ्यात मादीमागे किती पिल्लं दिसली याची मोजणी करून आकडे जाहीर करतात. ज्या भागात दोन वर्षांपूर्वी मादीमागे दोन किंवा अधिक पिल्लं होती, तो भाग निवडा. जिथे आकडा एकच्या आसपास होता तिथे रान कितीही देखणं असलं तरी पहाटे शांतता ऐकायला मिळेल. अंडी उबवण्याच्या आणि पिल्लं लहान असण्याच्या काळात थंड पाऊस लागून राहिला तर पिल्लं गारठून मरतात. उलट टेक्सासच्या कोरड्या भागात हिवाळा-वसंताचा पाऊस हुकला तर माद्या घरट्यावर बसायलाच कुचरतात. खात्याच्या जिल्हा जीवशास्त्रज्ञाला फोन करून याच आकड्यांबद्दल विचारा. ‘टर्की कुठे आहेत?’ असं विचारलं तर मोघम उत्तर मिळतं. ‘या दोन काउंट्यांत दोन वर्षांपूर्वीची पैदास कशी होती?’ असं विचारलं तर समोरचा मन लावून सांगतो.

आठवडा कोणता? हंगाम दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात तो मार्चच्या पहिल्या शनिवारी उघडतो, मिसूरीत एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, न्यू मेक्सिकोत एप्रिलच्या मध्याला, न्यूयॉर्कात मे महिनाभर. सुरुवातीच्या दिवसांत नर जास्त ओरडतात, पण माद्यांच्या घोळक्यात असतात. रातथाऱ्यावरून (रात्री बसायच्या झाडावरून) उतरले की त्यांच्यामागे निघून जातात आणि तुमची साद वाया जाते. पुढे माद्या अंड्यांवर बसू लागल्या की सकाळी 9 नंतर नर एकटा पडतो आणि शोधत येतो. सुट्टी एकाच आठवड्याची असेल तर हंगामाचा शेवटचा तिसरा हिस्सा घ्या: गर्दी कमी, नर एकटे. मात्र वेळेची मर्यादा तपासा. न्यूयॉर्कात शिकार दुपारी 12 ला थांबते, मिसूरीच्या सरकारी जमिनीवर 1 वाजता; म्हणजे तिथल्या दिवसाची किंमत टेक्सासच्या दिवसाच्या निम्मीच धरा. ब्लॅक हिल्समध्ये एप्रिलात बर्फ पडतं आणि डोंगर दीड-दोन हजार मीटरच्या घरात आहेत, तेव्हा तिथे मे बरा.

बंदूक 12 किंवा 20 गेजची शॉटगन, टर्कीसाठीच्या घट्ट चोकसह (छर्रे एकवट ठेवणारं नळीचं अरुंद टोक). घरी असतानाच पॅटर्न, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, तपासा: 40 यार्डांवर, म्हणजे सुमारे 36 मीटरवर कागद लावा, त्यावर 10 इंच व्यासाचं वर्तुळ काढा, वर्तुळात 100 छर्रे बसले तर ती बंदूक, तो चोक आणि ते काडतूस यांचा मेळ जमला. नाही जमला तर अंतर कमी करा किंवा काडतूस बदला. चोक जास्त घट्ट केल्याने पॅटर्न कधीकधी उलट बिघडतो. शिशाचे 4, 5 किंवा 6 नंबरचे छर्रे नेहमीचे. टंगस्टनचे छर्रे शिशापेक्षा खूप जड, म्हणून बारीक 9 नंबरही पुरतो, पण किंमत कितीतरी पट. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे. नेम नेहमी मान आणि डोक्यावर, अंगावर कधीच नाही. पंख फुगवून नाचणाऱ्या नराची मान आखडलेली असते, म्हणून त्याने मान वर काढेपर्यंत थांबा. छोटी क्लक (टर्कीची तुटक हाक) दिली की तो बहुधा डोकं उंचावतो.

सादेची साधनं तीन पुरेत: बॉक्स कॉल, स्लेटचा कॉल आणि तोंडात ठेवायचा पडद्याचा कॉल. शेवटच्याला महिनाभर रोजचा सराव लागतो, पण शेवटच्या क्षणी दोन्ही हात बंदुकीवर ठेवता येतात ते त्याच्यामुळेच. घुबडाचा किंवा कावळ्याचा आवाज काढणारं साधनही घ्या. त्याला दचकून नर उत्तर देतो आणि आपला रातथारा सांगून टाकतो. संध्याकाळी तो हेरून ठेवला की सकाळचं निम्मं काम झालं. रातथाऱ्याच्या झाडाजवळ मात्र शिरू नका. रिओला मोठी झाडं नदीकाठीच मिळतात. तिथे एकदा उठवले तर अख्खा थवा जागा सोडतो.

विमानाने जाणार असाल तर बंदूक रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर जाहीर करून. काडतुसं मूळ खोक्यात, बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा 5 किलो. मेक्सिकोला निघाला असाल तर स्वतःची बंदूक नेण्यापेक्षा आउटफिटरची भाड्याने घ्या. लष्कराच्या परवान्याशिवाय एखादं काडतूस जरी पिशवीच्या तळाशी सापडलं तरी तिथे तुरुंगाची वेळ येते, म्हणून नेहमीच्या शिकारीची पिशवी नेऊच नका, नवी घ्या.

कपडे कॅमो, हातमोजे आणि चेहऱ्यावर जाळीसह. टर्कीला वास जवळजवळ येत नाही, पण तिला रंग दिसतात आणि किंचित हालचालही सुटत नाही. लाल, पांढरा, निळा आणि काळा रंग अंगावर कुठेही नको, मोजे आणि रुमालसुद्धा: नराच्या डोक्याचे आणि अंगाचे रंग तेच, आणि दुसरा शिकारी फसू शकतो. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा. ऐकू आलेल्या गॉबलच्या मागे सरपटत जाऊ नका. तो आवाज माणसाचाही असू शकतो. डिकॉय (टर्कीचा नकली पुतळा) पिशवीत झाकून न्या, आणि मारलेला पक्षी परत आणताना त्याला केशरी कापड गुंडाळा. गोचिडांसाठी कपड्यांवर 0.5 टक्के परमेथ्रिन फवारून पूर्ण वाळवा. ते कातडीवर लावायचं नसतं. पूर्वेकडे लाइम रोग आहे, तर दक्षिणेतल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्यामुळे मटण-बीफची अ‍ॅलर्जी जडू शकते. रोज रात्री अंग तपासणं चुकवू नका.

पक्षी पडल्यावर फोटोच्या आधी टॅग (परवान्याची चिठ्ठी). फ्लोरिडात पक्षी जागेवरून हलवण्यापूर्वी नोंद करावी लागते आणि 24 तासांत कळवावं लागतं. मिसूरीत त्याच रात्री 10 पर्यंत. दाढी अंगालाच राहू द्या, बऱ्याच ठिकाणी नर असल्याचा तोच पुरावा असतो. पायामागचा काटा इंचाच्या वर असेल तर नर तीन किंवा अधिक वर्षांचा. पोट लवकर साफ करा, उन्हाळी दिवशी तासाभराच्या आत, आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. बर्फ वितळलेलं पाणी मांसाला लागू देऊ नका. छातीचं मांस पटकन शिजतं. तंगड्या आणि मांड्या शिरांनी भरलेल्या, त्या कुकरला किंवा मंद आचेवर तीन-चार तास लागतात, पण म्हणून टाकू नका, काही राज्यांत खाण्यासारखं मांस वाया घालवणं हाच गुन्हा आहे. शेपटी ठेवायची असेल तर बुडाचं मांस आणि चरबी पूर्ण खरवडून बोरॅक्स भरा, पंख्यासारखी पसरून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी बसवा आणि काही आठवडे कोरड्या जागी राहू द्या. चरबी राहिली तर त्यात किडे पडतात.