विमानात बिअर कोमट, रेड वाइन बर्फगार: या चुका टाळा

लांब पल्ल्याच्या विमानात पेयांची पहिली फेरी निघाली की दोन तक्रारी ठरलेल्या: बिअर कोमट आहे आणि रेड वाइन दातांना झोंबते आहे. नवा क्रू दोन्हींचं खापर चिलरवर, म्हणजे गार हवा खेळवणाऱ्या यंत्रावर, फोडतो. चिलर क्वचितच बिघडलेला असतो. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत मद्य वाढलं जात नाही, तेव्हा हे सगळं आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर काम करणाऱ्यांसाठी आणि लवकरच करू लागणाऱ्यांसाठी.

"गॅलीत गेली की होईल थंड"

होत नाही. गॅलीतला, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरातला, चिलर थंड माल थंड राखण्यासाठी असतो. तो कार्टमधून (खाण्यापिण्याच्या चाकांच्या गाडीतून) साधारण 4 अंश सेल्सिअसची हवा खेळवतो, आणि हवा हे उष्णता काढून घेण्याचं फार मंद साधन आहे. 30 अंशांवर चढलेला 330 मिलीचा कॅन सुटा ठेवला तरी पिण्याजोगा व्हायला दोनेक तास घेतो. खच्चून भरलेल्या ड्रॉवरच्या मधल्या कॅनपर्यंत हवा पोचतच नाही, त्याला चार-पाच तास धरा. मुंबई-दुबई उड्डाण जेमतेम तीन तासांचं. तिथे गरम चढलेली बिअर गरमच उतरते.

मे महिन्यात मुंबईच्या ॲप्रनवर (विमानं उभी राहतात त्या जागी) माल वर चढवणारी हाय-लिफ्ट गाडी अर्धा-पाऊण तास ताटकळली, वर विमानाला बाहेरची वीज जोडलेली नसल्याने चिलरही बंद, की खेळ तिथेच संपतो. बार कार्टला बहुतेक वेळा सीमाशुल्काचं सील असतं, त्यामुळे उड्डाणाआधी उघडून बघण्याची सोय नाही. म्हणून सील निघाल्यावरचं पहिलं काम: मधल्या ड्रॉवरच्या मधोमध असलेला एक कॅन काढून हातात धरा. पुढचा कॅन नको, तो नेहमीच खोटी साक्ष देतो.

2016 मध्ये केएलएम ही डच विमानकंपनी आणि हायनेकेन ही बिअर कंपनी यांनी विमानात नळाची बिअर द्यायचा घाट घातला, तेव्हा त्यांनाही याच भिंतीवर डोकं आपटावं लागलं. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या विमानात चालत नाहीत, म्हणून हवेच्या दाबावर चालणारं पिंप वापरलं. थंड करणारी यंत्रणा कार्टमध्ये मावेना. शेवटी बिअर जमिनीवरच 5 अंशांपर्यंत गार करून उष्णतारोधक कार्टमधून वर नेली. एवढ्या मोठ्या मद्यकंपनीला जे हवेत जमलं नाही, ते तुमच्या ड्रॉवरला कुठून जमणार?

कॅन कोमट निघालाच तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात खुपसू नका. खड्यांच्या मधे हवाच असते आणि कॅनला बर्फ चार ठिकाणीच टेकतो. बर्फ-पाण्यात कॅन दहा मिनिटांत गार होतो, वाइनची 187 मिलीची छोटी बाटली बारा-पंधरा मिनिटांत (प्लास्टिकची असेल तर आणखी थोडी), 750 मिलीची पांढरी वाइन वीस-पंचवीस मिनिटांत. मधूनमधून बाटली फिरवा. वर मिठाच्या पुड्या फोडून घालायची युक्ती कुणीतरी कुणाला तरी शिकवत असतंच. एका पुडीत ग्रॅमभर मीठ. दोन लिटर पाण्यात दहा पुड्या घातल्या तर गोठणबिंदू अर्धा अंशही खाली येत नाही. खरा फरक पडायला पाव किलोच्या आसपास मीठ लागेल. पुड्या जेवणाच्या ट्रेवरच राहू द्या.

ड्राय आइसला बर्फ समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती नेहमी घाईत होते. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78.5 अंशांचा. तो वितळत नाही, थेट वायू होतो. गार वायू जड असल्याने खाली उतरतो, म्हणून त्याचा ट्रे कार्टच्या वरच्या भागात असतो. परिणाम असा की वरचा ड्रॉवर गोठतो आणि तळाचा कोमट राहतो.

पुढचा क्रम पाठ झालाय. भरणाऱ्याने बिअर "लवकर थंड व्हावी" म्हणून ट्रेला खेटून रचलेली. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे अडीच अंशांच्या आसपास गोठते. आधी पाणी गोठतं, प्रसरण पावतं, आणि कोंडलेला वायू उरलेल्या द्रवात दाटतो. कॅनचा तळ बाहेर फुगतो. क्रूला कॅन मस्त गार लागतो, तो प्रवाशासमोर टपकन उघडतो, आणि फेस समोरच्या सीटच्या पडद्यापर्यंत उडतो. काही कॅन ड्रॉवरमध्येच फाटतात आणि मग दरवळ उतरेपर्यंत साथ देतो. फुगलेला कॅन "जरा बाहेर ठेवला की ठीक होईल" हाही भ्रमच. वितळलेली बिअर गढूळ आणि मिळमिळीत होते. तो कॅन बाजूला काढा, उघडायचा प्रयोग नको.

रचना साधी आहे. ट्रेलगत 50 मिलीच्या व्हिस्की-व्होडकाच्या बाटल्या ठेवा. चाळीस टक्क्यांचं मद्य उणे 27 च्या आसपास गोठतं, त्यांना काही होत नाही. त्याखाली पांढरी वाइन, जी उणे 5 पर्यंत तग धरते. त्याखाली बिअर. रेड वाइन या कार्टमध्येच नको. ट्रे आणि पहिला ड्रॉवर यांच्यात जाड पुठ्ठा घातला तर उत्तम.

आणि ड्राय आइसचे तुकडे बर्फाच्या बादलीत टाकू नका. बाटली एका बाजूने गोठून तडकते. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो, केबिनच्या कमी दाबात त्याहून अधिक. बंद भांड्यात तर कधीच नको, उघड्या हाताने तर नकोच नको.

रेड वाइन

जेवण 5 अंशांखाली ठेवायचं असतं, म्हणून त्याच कार्टमध्ये गेलेली रेडही 5 अंशांवर येते. इतक्या थंड रेडमध्ये टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) तेवढं तुरट लागतं, फळाचा वास दबतो. केबिनची हवा कोरडी, आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या घरात, त्यामुळे प्रवाशाचं नाक आधीच अर्धं बंद. लुफ्तान्सा या जर्मन विमानकंपनीसाठी फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांत कमी दाबाला मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागतात हे दिसलं होतं. वर तुम्ही वाइन गारठवली तर उरतं ते कडसर पाणी.

भारी रेड 16 ते 18 अंशांवर, हलकी 12 ते 14 वर. 5 अंशांवरची मोठी बाटली केबिनमध्ये नुसती ठेवली तर 15 वर यायला दीड तास लागतो, म्हणजे टेक-ऑफनंतर लगेच बाहेर काढायची. राहिलंच तर हाताला जेमतेम कोमट लागणाऱ्या पाण्यात सात-आठ मिनिटं. ओव्हनवर ठेवू नका आणि बॉयलरचं पाणी ओतू नका. काचेलगतची वाइन गरम, मधली गार, आणि पेल्यात अल्कोहोलचा भपका. ज्यांना सात मिनिटंही धीर नाही त्यांनी पेल्यात थोडी कमी ओतावी, ती हातात आपोआप हव्या त्या तापमानाला येते.

पांढरी वाइन उलट फार थंड देतात. 5-6 अंशांवर तिला चवच राहत नाही. 9-10 वर द्या. 6 ते 8 स्पार्कलिंगसाठी राखून ठेवा, तिथे थंडीचा उपयोग टोपण उडू नये म्हणूनही आहे.

उरलेल्या चुका

फेस: केबिनचा दाब 8000 फुटांवरच्या हवेइतका, समुद्रसपाटीच्या पाऊण. त्यात 20 अंशांच्या कॅनमधला दाब 4 अंशांच्या कॅनच्या दुपटीहून जास्त. पेला तिरका धरा, सावकाश ओता.

बिअरमध्ये बर्फ घालू नका. मागितला तर वेगळ्या पेल्यात द्या.

ओव्हनशेजारच्या कप्प्यातले पेले गरम असतात. त्यात 6 अंशांची बिअर ओतली की ती 9 वर जाते.

सगळ्या बाटल्या आधीच उघडून रांगेत लावणं ही गती नव्हे. एका वेळी दोन पांढऱ्या, दोन रेड पुरतात.

परतीच्या उड्डाणासाठी उरलेला माल तसाच सोडायचा असेल तर बादलीतले कॅन पुसून तळाच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि पुढच्या क्रूला कोणता ड्रॉवर गार आहे हे कागदावर लिहून दारावर चिकटवा.