विदर्भ-मराठवाड्यातून कोल्हापुरात येताय? मे अखेरच्या हवेबद्दल थोडं

मी मूळची अकोल्याची. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि आता इथलीच झाले. मे संपत आला की आपल्या तिकडची माणसं इथे उतरायला लागतात. कुणाची बदली, कुणाला शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम, कुणाच्या पोरीला विद्यापीठात प्रवेश. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथलं ऊन कसं असतं? उन्हाची काळजी आता सोडा. इथे मे अखेरीस माणसं पावसाच्या तयारीला लागलेली असतात. तुम्हीही पहिल्या आठवड्यापासून त्याच कामाला लागा.

आपल्याकडे खरी भट्टी पेटते ती मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, दुपारी रस्ते ओस, रात्रीही भिंती गरम. नागपूरला 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. कोल्हापुरात सगळ्यात तापतो तो एप्रिल. तेव्हा 37-38 अंश सहज होतात, एखाद-दुसऱ्या दिवशी चाळिशीही गाठली जाते. पण मेच्या मध्यापासून पश्चिमेचा वारा धरतो, आभाळ येऊन-जाऊन राहतं आणि पारा उतरायला लागतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि सह्याद्री उतरला की लगेच कोकण, त्यामुळे समुद्राची हवा इथवर पोचते. रात्री पारा 22-23 अंशांपर्यंत खाली येतो. रंकाळा तलावावर संध्याकाळी अख्खं गाव फिरायला बाहेर पडलेलं दिसेल. नवतप्यात अकोल्यात त्या वेळी आम्ही दारं लावून बसायचो.

कूलर ट्रकात चढवण्याआधी विचार करा. कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं, म्हणून विदर्भात कूलर खोली गार करतो. इथे एप्रिलमध्ये तो बरा चालतो. मे अखेरीस हवेतच ओल असते, मग पाणी उडत नाही, खोली दमट होते आणि अंथरूण चिकट लागतं. तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी पुरते. मुंबईहून येणाऱ्यांना मात्र इथली हवा मोकळी वाटते. तिकडे पारा 33-34 वरच असतो, पण घाम वाळत नाही आणि रात्रही गार होत नाही.

लातूर-बीडकडून येणाऱ्यांना पाण्याचं अप्रूप वाटेल. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते आमच्या शेजारच्या मिरजेहून. इथल्या नद्यांना मेमध्येही पाणी असतं, कारण राधानगरीसारखी धरणं वर उभी आहेत. राधानगरीचं काम शाहू महाराजांनी हाती घेतलं, तेही शंभर वर्षांपूर्वी. या भागात राहायला येणाऱ्याने ते धरण एकदा तरी पाहून यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता वळीव. सकाळपासून उकडतं, वारा पडतो, आणि दुपारी तीन-चारला पूर्वेकडून काळं आभाळ चढतं. आधी धुळीचा लोट, मग विजा, मग टपोरे थेंब, कधी गारा. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. तेवढ्यात झाडाची फांदी तारेवर पडून वीज गेलेली असते, ती कधी कधी रात्री उशिरा येते. वाळत घातलेलं काही गच्चीवर ठेवून दुपारी बाहेर जाऊ नका. पत्र्याची शेड असेल तर तिचे हुक आत्ताच बघून घ्या. विजा सुरू झाल्या की झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर घ्या, आसपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. वळीव झाला की संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झुंडीने येतात. दारावरचा दिवा मालवायचा आणि आत एकाच दिव्याखाली परातीत पाणी ठेवायचं. तासाभरात सगळे पंख परातीत तरंगताना दिसतील.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक तर याच वळवावर चालतं. वर्षाची कांदा-लसूण चटणी इथे एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत होते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरच्या कडक उन्हात इतक्या वाळवायच्या की मुठीत धरल्यावर कुरकुर वाजल्या पाहिजेत. मग देठ खुडून, खोबरं-तीळ-धणे भाजून डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत न्यायचं. डंकापुढे बायकांची रांग असते आणि हवेत मिरचीचा इतका ठसका असतो की शिंकल्याशिवाय कुणी घरी येत नाही. तुम्ही मे अखेरीस आलात तर या वर्षी शेजारणीकडून किलोभर विकत घ्या. घाई करून ओलसर हवेत मिरच्या वाळवल्या की चटणीला जाळी धरते. पापड, सांडगे, डाळी-तांदळाची बेगमी यांनाही हाच नियम. करवंदं, जांभळं, फणस मात्र याच दिवसांत पन्हाळा, शाहूवाडी, आजऱ्याकडून बाजारात येतात. मोठा पाऊस लागला की करवंदं संपली, तेव्हा आधी खाऊन घ्या.

जिल्ह्यात हवामान एक नाही, हे नोकरीचं गाव ठरवताना ध्यानात ठेवा. शहरापासून पश्चिमेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा. तिथे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर शिरोळ, तिथे त्याचा दहावा हिस्सा. त्यामुळे मे अखेरीस पश्चिमेच्या तालुक्यांत कौलं चाळून होतात, शेणी आणि सरपण आत जातं, आणि भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते, म्हणजे कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट बघायची. आपल्याकडचा शेतकरी तेव्हा पेरणीच्या विचारातही नसतो, कारण नागपूरला मोसमी पाऊस जूनच्या मध्याला येतो. इथे तो 7-8 जूनच्या सुमारास, मृगाबरोबर येतो. 2025 साली तर मुंबईत तो 26 मेलाच दाखल झाला आणि या पट्ट्यात सगळ्यांची धावपळ उडाली. तेव्हा पंचांगाच्या भरवशावर न राहता रेनकोट आणि पोरांचे पावसाळी बूट 20 मेपर्यंत घरात हवेत. बैलांचा सणही इथे बेंदूर, तो आपल्या पोळ्याच्या आधीच होऊन जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर. भाड्याची घरं मे-जूनमध्ये बघितली जातात आणि तेव्हा पंचगंगा खाली, शांत वाहत असते. दलाल नदीजवळची मोकळी हवा दाखवेल. तुम्ही शेजारच्या दुकानदाराला एवढंच विचारा: 2019 च्या आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं? तो हाताने भिंतीवरची खूण दाखवेल. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्काचा सखल भाग इथे पाणी येतं हे गावाला ठाऊक आहे. तिथे घ्यायचंच असेल तर वरच्या मजल्यावर घ्या आणि गाडी कुठे लावणार ते आधी ठरवा. राजारामपुरीसारख्या उंचावरच्या भागात भाडं जास्त पडलं तरी लहान मुलं आणि म्हातारी माणसं असणाऱ्यांनी ते द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै लागला की सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. शहरात ऊन पडलं म्हणून नदी उतरली असं धरू नका. गगनबावडा आणि राधानगरीकडे पडलेला पाऊस इथे उशिराने पोचतो. मोठ्या पुरात पाणी उपसायचे पंपच बुडतात आणि नळ कोरडे पडतात. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की पेट्रोल, गॅस, भाजी सगळं अडतं. म्हणून 39 चा आकडा कानावर आला की त्याच दिवशी पिण्याचं पाणी भरा, औषधं आणा, सिलिंडर बघा आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा.