इक्वेशन बॅलन्स करताना ऑक्सिजनला शेवटी हात लावा

इथे इंदूरला भाच्याची शाळा हिंदीत, घरी मराठी, आणि केमिस्ट्रीची नावं इंग्लिशमधली, त्यामुळे पोरगं आधीच गोंधळलेलं असतं. परवा वही दाखवत म्हणाला, मावशी, बॅलन्स झालं बघ. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं होतं, डावीकडे ऑक्सिजन २ उजवीकडे १, तर ह्याने पाण्याच्या फॉर्म्युल्यात ऑक्सिजनच्या पायाशी बारीक २ लिहून टाकला. अरे, ते पाणी नाही राहिलं, जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं!

म्हणून पहिली गोष्ट, खालच्या बारीक आकड्याला हात लावायचा नाही, आकडा फक्त फॉर्म्युल्याच्या आधी, डाव्या बाजूला. इथे हायड्रोजनच्या आधी २, पाण्याच्या आधी २, झालं. रिअ‍ॅक्शनमध्ये द्रव्य नव्याने तयार होत नाही की नाहीसं होत नाही, हे फ्रेंच केमिस्ट लव्हॉझिएने १७८९ सालीच लिहून ठेवलंय, त्यामुळे दोन्हीकडचे अ‍ॅटम जुळलेच पाहिजेत.

आता जरा मोठं घेऊ. घरच्या सिलेंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतं, त्यातलं ब्युटेन जाळू. त्यात कार्बन ४, हायड्रोजन १०. आधी कार्बन, म्हणजे ४ कार्बन डायऑक्साइड. मग हायड्रोजन, म्हणजे ५ पाणी. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी, कारण तो उजवीकडे दोन्हीत आहे आणि डावीकडे एकटा, आधी धरलात तर पुन्हा पुन्हा खोडत बसाल. उजवीकडे ८ आणि ५ मिळून १३, ऑक्सिजनची जोडी असते म्हणून साडेसहा लागतील. अर्धा दिसला की घाबरायचं नाही, सगळंच दुप्पट करा: २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. आता मोजून बघा, ऑक्सिजन दोन्हीकडे २६.

आता कंपाउंडची नावं. त्यांत आधी एकच बघायचं, पहिला मेटल (धातू) आहे का. दोन्ही नॉनमेटल असले तरच डाय (दोन), ट्राय (तीन) लावायचं. कॅल्शियम डायक्लोराइड लिहिलंत की मार्क गेले, ते नुसतं कॅल्शियम क्लोराइड. पण लोखंडासारख्या मेटलचा चार्ज बदलतो, तिथे तो सांगावाच लागतो. २ लोखंड ३ ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजनचा चार्ज प्रत्येकी उणे २, तिघांचे मिळून उणे ६, मग लोखंडाला प्रत्येकी अधिक ३, म्हणून आयर्न थ्री ऑक्साइड. हा थ्री चार्जचा आहे, ऑक्सिजनच्या मोजणीचा नाही, इथे भाचा दोनदा चुकलाय, म्हणून वहीत त्याच्याकडून शेजारी चार्ज लिहून घेते आणि मगच नाव.