डोंगर आणि समुद्र एकाच सहलीत: आखणी करताना या चुका टाळा

साहसी सहलीची आखणी बहुतेक वेळा यादीने सुरू होते. सोमवारी राफ्टिंग, मंगळवारी स्कूबा, बुधवारी शिखर, गुरुवारी पॅराग्लायडिंग. जिथे डोंगर थेट समुद्राला भिडतात तिथे हे सगळं एकाच मुक्कामावरून करता येतं, त्यामुळे यादी वाढतच जाते. पण अशा प्रदेशात सहल खेळांच्या निवडीमुळे क्वचितच बिघडते; बिघडते ती क्रम आणि वेळ चुकल्यामुळे. भरती, वारा, वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि उजेड यांचं आपापलं वेळापत्रक असतं. ते आधी कागदावर यायला हवं, आपले बेत त्यानंतर. पुढे दिलेल्या बहुतेक चुका घरबसल्या, तिकीट काढण्याआधीच दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

स्कूबा केल्यावर लगेच डोंगर चढणं

ही चूक सर्वांत आधी सांगतो, कारण नुसत्या किनाऱ्याच्या किंवा नुसत्या डोंगराच्या सहलीत तिचा विचारच करावा लागत नाही, आणि इथे मात्र ती जिवावर बेतू शकते. पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. पाण्याबाहेर आल्यावर तो एकदम निघून जात नाही, कित्येक तास सावकाश बाहेर पडत राहतो. तेवढ्यात तुम्ही उंचीवर गेलात तर भोवतालचा दाब आणखी उतरतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकतात, मुंग्या येतात, अंगावर चट्टे उठतात, विचित्र थकवा येतो. गंभीर प्रकारात हातपाय लुळे पडतात.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असू शकतो. मग २,००० मीटरवरची खिंड ओलांडणारी गाडी, केबल कार किंवा पॅराग्लायडिंगचं उड्डाण यांत शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. ६०० ते २,४०० मीटरपर्यंतच्या उंचीसाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेची शिफारस अशी: वर येताना नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी थांबे न घेता केलेल्या एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास, आणि वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. मी म्हणेन, सरळ पूर्ण २४ तास धरा. सुट्टीत एवढी ढील परवडते.

म्हणून क्रम असा लावा: आधी डोंगर, मग समुद्राखाली, आणि परतीच्या प्रवासाआधी एक दिवस समुद्रसपाटीलाच. मुक्काम डोंगरात आणि डायव्हिंग खाली किनाऱ्यावर, असं बुकिंग झालं असेल तर डाइव्हच्या रात्रीपुरती खाली खोली घ्या. नुसतं स्नॉर्केलिंग करणार असाल तर ही अडचण नाही, कारण तिथे दाबाखालची हवा श्वासात जात नाही.

आणि डाइव्हनंतर काही तासांत वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलंच, तर "झोपून उठलं की बरं वाटेल" असं म्हणू नका. माणसाला आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या (चांगल्या डाइव्ह सेंटरवर तो असतोच), डॉक्टरांना डाइव्हची खोली आणि वेळ सांगा. पुन्हा पाण्यात उतरवून दाब देण्याचा घरगुती उपाय करू नका. आणि रुग्णालय खिंडीपलीकडे असेल तर गाडी काढण्याआधी डायव्हिंगच्या तातडीच्या वैद्यकीय हेल्पलाइनला रस्त्याची उंची सांगून विचारा. हा क्रमांक सहलीआधीच फोनमध्ये असायला हवा.

भरतीची वेळ पाहिली, वेग नाही पाहिला

कड्याखालून चालत जाणं, सागरी गुहा बघणं, खडकांवरून उड्या मारत, पोहत किनारा पालथा घालणं: या सगळ्याचा मालक भरती-ओहोटीचा तक्ता आहे. लोक त्यात फक्त पूर्ण भरतीची वेळ बघतात आणि "दुपारी चारला भरती, म्हणजे तीनपर्यंत निवांत" असा हिशेब करतात. हिशेब इथेच चुकतो. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा जुना आडाखा आहे: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. चारच्या भरतीला तीन वाजता वाळू शिल्लक नसते; बारा भागांपैकी अकरा भाग पाणी आधीच आलेलं असतं.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. सहलीच्या तारखा ठरवतानाच चंद्राची तिथी बघून ठेवा. जागाही महत्त्वाची आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो जाणवतही नाही. आधीच्या सहलीचा अनुभव नव्या किनाऱ्यावर लावू नका. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची सुरक्षित वेळ आज तशीच उरत नाही. शिवाय उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणाऱ्या देशांत काही छापील तक्ते मूळ वेळेतच असतात. तक्त्याच्या डोक्यावरची ओळ वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

ओहोटी सुरू असतानाच निघायचं आणि पाणी सर्वांत खाली जाण्याआधी अवघड टोकाला वळसा घालून झालेला असायचा, हा साधा नियम. तरीही दोन टोकांच्या मधे अडकलातच, तर छातीभर पाण्यातून टोकाला वळसा घालायचा प्रयत्न करू नका. लाटा खडकावर आपटवतात. अनोळखी, ढासळता कडाही चढू नका. शेवाळाची आणि वाहून आलेल्या कचऱ्याची रेषा बघा, तिच्या वर जागा असेल तिथे जा, तटरक्षकांना फोन करा आणि तिथेच थांबा.

शांत पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा समज

किनारा उंच कड्यांचा असेल आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर कड्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं. नवखा माणूस पॅडलबोर्ड किंवा कयाक घेऊन आनंदाने निघतो. दोन-तीनशे मीटर पुढे आडोसा संपतो आणि वारा त्याला आत ढकलू लागतो. आता परत यायचं ते वाऱ्याच्या तोंडावर. शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे खरोखर कामाला येतात: दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री आणि पहाटे उलटा. पण मोठी हवामान-प्रणाली आली की हे रोजचं चक्र मोडतं, म्हणून अंदाजात वाऱ्याची दिशा रोज बघायची. जाताना वाऱ्याविरुद्ध, येताना वाऱ्याबरोबर, अशी फेरी आखा. वाहून चाललात तर बोर्ड सोडून पोहत सुटू नका. त्यावर पालथं पडा, हातांनी वल्हवा, आणि जमत नसेल तर बोर्डाला धरून मदत मागा. समुद्रातून तुमचं डोकं दिसत नाही, बोर्ड दिसतो.

लाटांच्या अंदाजात लोक फक्त उंची वाचतात. शेजारी सेकंदांचा आकडा असतो, दोन लाटांमधल्या अंतराचा. दीड मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती स्थानिक वाऱ्याची; तीच १४ सेकंदांची असेल तर दूरच्या वादळातून आलेली, आणि खडकावर तिचा जोर कितीतरी जास्त. आकाश निरभ्र असताना ती येते, हाच धोका. आणि अंदाजातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून त्याच्या दुप्पट लाट येऊ शकते, तेव्हा खडकाच्या कडेला उभं राहून फोटो काढण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

पाण्याचं तापमान ही वेगळीच गोष्ट. हवा २५ अंश असली तरी समुद्र १२ अंश असू शकतो. पाण्याचं तापमान १५ अंशांखाली असेल तर अचानक आत पडलेल्या माणसाला पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा राहत नाही. त्या मिनिटात पोहायचं नाही, तरंगायचं. म्हणूनच लाइफ जॅकेट अंगात हवं, बोटीत ठेवलेलं नव्हे. वेटसूट पाण्याच्या तापमानाप्रमाणे मागा.

डोंगरातला वेळ नकाशावरच्या किलोमीटरने मोजणं

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि १,२०० मीटर चढ असलेल्या वाटेला सव्वाचार ते साडेचार तास, तेही न थांबता, तंदुरुस्त माणसाला, कोरड्या वाटेवर. कुटुंब किंवा मिश्र गट असेल तर दीडपट धरा. परत फिरण्याची वेळ निघण्याआधी ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. शिखर हाताशी दिसत असताना वळायचा निर्णय कोणालाच आवडत नाही, म्हणून तो सकाळीच घेऊन ठेवायचा.

दर १,००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सकाळी समुद्रात डुंबून दुपारी शिखरावर निघणाऱ्याच्या पाठीवर ओला टॉवेल असतो आणि जाकीट खालीच राहिलेलं असतं. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की उन्हाळ्यातही माणूस गारठतो. कोणी अडखळायला, बरळायला लागलं किंवा थरथर थांबूनही बरं दिसेना, तर पुढे जाणं तिथेच बंद. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा करा, मदत बोलवा. मद्य देऊ नका.

घळीत किंवा धबधब्यातून उतरण्याचा बेत असेल तर आपल्या डोक्यावरचं आकाश पुरेसं नाही. पाऊस कित्येक किलोमीटर वर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. पाणी गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज बदलणं, यांतलं एक जरी दिसलं तरी लगेच बाजूच्या उंचवट्यावर चढा. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आयोजकाला माहीत असायलाच हव्यात.

खाऱ्या हवेतले जुने बोल्ट

समुद्रकाठच्या कड्यांवर चढाई किंवा रॅपलिंग (दोरावरून उतरणं) करणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. उष्ण, खाऱ्या हवेत खडकात ठोकलेल्या, दोर अडकवायच्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला आतून बारीक तडे जातात. बाहेरून तो चकचकीत दिसतो आणि शरीराच्या वजनालाही तुटू शकतो. थायलंडच्या रायलेसारख्या ठिकाणी म्हणूनच टायटॅनियमचे बोल्ट बसवले गेले. मार्ग निवडताना बोल्ट कशाचे आहेत आणि कधी बदलले, हे स्थानिक क्लबला विचारा. उत्तर मिळालं नाही तर तो मार्ग सोडा. स्वतःचे कॅराबिनर, हार्नेस आणि दोर समुद्रावरून आले की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

एकही मोकळा दिवस न ठेवणं

सात दिवसांत सात खेळ बसवले की पहिल्या वादळी दिवसाला सगळा डोलारा कोसळतो. मग लोक नको त्या हवेत निघतात, कारण पैसे भरलेले असतात. दर तीन दिवसांमागे एक दिवस रिकामा ठेवा. आणखी चांगलं म्हणजे प्रत्येक दिवसाला जोडी लावा: समुद्र खवळला तर खोऱ्यातली सायकल, शिखर ढगात गेलं तर आडोशाच्या खाडीत कयाक. बुकिंग करताना आयोजकाला एकच प्रश्न मी आवर्जून विचारायला सांगतो: "कोणत्या परिस्थितीत तुम्ही स्वतःहून रद्द करता?" चांगला आयोजक वाऱ्याचा वेग, लाटेची उंची, नदीची पातळी असे आकडे सांगतो. "आम्ही कधीच रद्द करत नाही" हे ऐकलं तर दुसरा शोधा.

विम्याचा कागदही याच वेळी वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक, ठरावीक खोलीखालचं डायव्हिंग आणि पॅराग्लायडिंग वगळलेलं असतं. उपचाराचा खर्च मिळतो पण शोध आणि हेलिकॉप्टरचा मिळत नाही, असंही होतं. प्रत्येक खेळाचं नाव पॉलिसीत लिहिलेलं आहे का, ते बघा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

राहिली संपर्काची गोष्ट. कड्यांच्या सावलीत मोबाइलला नेटवर्क नसतं, पण फोनचा जीपीएस नेटवर्कविना चालतो, तेव्हा नकाशे आधी उतरवून घ्या आणि थंडीत फोन अंगाशी ठेवा. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी: आल्प्समध्ये रुळलेली खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा, उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. मागे राहिलेल्या माणसाकडे एक कागद द्या: वाट, गाडीचा क्रमांक, परतीची वेळ, आणि कोणत्या वेळेनंतर कोणाला फोन करायचा ते. बेत बदलला तर त्याला कळवा आणि सुखरूप परतल्यावरही कळवा, नाहीतर तुम्ही खोलीत झोपलेले असताना बचावपथक रात्रभर डोंगर धुंडाळत राहील.