पाळणाघर विकायचंय पण गावभर करायचं नाही, तर असं करा

मी संभाजीनगरला गारखेड्याकडं नऊ वर्षं पाळणाघर आणि प्लेग्रुप चालवला, मागच्या वर्षी विकला, आणि मी स्वतः सांगेपर्यंत पालकांना काही कळलं नाही. म्हणजे एकदा फुटता फुटता राहिलं, ते सांगते पुढं. लातूर-नांदेडच्या ओळखीच्या दोघी-तिघी हेच विचारायल्यात म्हणून एकदाचं लिहून टाकते.

किराणा दुकान विकायलेत असं कळलं तरी गिऱ्हाईक साखर न्यायला येतंच. आपल्याकडं "मॅडम बंद करायलेत म्हणे" एवढंच कुणाच्या हळदीकुंकवात निघालं की आया दुसरीकडं चौकशी करतात, चार लेकरं गेली की मावशी दुसरं काम बघतात, मावशी गेल्या की राहिलेली लेकरंही जातात, मग विकायला उरतं काय, एक घसरगुंडी न् पंधरा गाद्या.

म्हणून आधी वेळ धरा. शाळा जूनमध्ये उघडतात, ॲडमिशनची विचारपूस जानेवारीपासूनच सुरू होते. दिवाळी झाली की बोलणी, संक्रांतीच्या आसपास टोकन, एप्रिलमध्ये ताबा, म्हणजे नव्या मालकिणीला नवीन वर्षाची लेकरं स्वतःच्या हातानं घेता येतात. मे महिन्यात विकायला काढलं तर समोरचा रिकाम्या खोल्या बघतो आणि भावही रिकाम्या खोल्यांचाच लावतो.

भावाचं उघडच सांगते. माझ्याकडं प्लेग्रुपची 22 लेकरं 1,500 नं आणि पाळणाघराची 16 लेकरं 4,000 नं, म्हणजे महिन्याचे 97,000. भाडं, तिघींचे पगार, लाईट, गॅस, खाऊ मिळून 58,000 जायचे. उरले 39,000, आणि मी खुशाल म्हणत होते वर्षाचे पावणेपाच लाख सुटतात. घेणारीच्या नवऱ्यानं पाच मिनिटांत हवा काढली: तुमच्या जागी बाई ठेवायची तर 15,000 जातील ना, आणि मे महिन्यात प्लेग्रुपची फी येतच नाही. खरंच होतं ते. राहिले वर्षाचे 2,55,000. सामानासकट 4,60,000 ला सौदा ठरला, त्यातले 1 लाख त्यांनी मागं ठेवले, 30 जूनला निदान 30 लेकरं पटावर दिसली तर द्यायचे म्हणून. मला राग आला होता, आता वाटतं बरोबरच केलं त्यांनी. हा सगळा हिशोब बँक स्टेटमेंट आणि तीन वर्षांच्या रिटर्नमध्ये दिसला पाहिजे, वहीतल्या रोख फीवर कोणी पैसे देत नाही.

गिऱ्हाईक शोधायला ओएलएक्सवर फोटो टाकू नका, भिंतीवरच्या जिराफावरून अख्खी कॉलनी ओळखती. मी सीए आणि दुसऱ्या भागात प्लेग्रुप चालवणारी एक मैत्रीण, दोघांनाच सांगितलं. "शहरात चालू पाळणाघर आहे, 35 च्या वर लेकरं" एवढंच बोलायचं, एरिया नाही. माणूस खरा वाटला की गुप्ततेचा करार करून घ्यायचा, मग पत्ता.

आणि इथंच माझं चुकलं. तो करार मी गल्लीच्या तोंडावरच्या झेरॉक्सवाल्याकडं टाईप करायला दिला, त्याची भाची माझ्याच नर्सरीत! दुसऱ्या दिवशी तिची आई दारातच, "मॅडम, काय करार करायलात?" भाडेकरार रिन्यू करायचाय म्हणून वेळ मारून नेली. तो करायचाच होता म्हणून खोटं नाही पडलं, पण दिवसभर पोटात गोळा होता. टायपिंग दुसऱ्या टोकाला जाऊन करा.

जागा दाखवायची ती रविवारी नाहीतर संध्याकाळी सातनंतर. काहीजण म्हणतात आम्ही पालक बनून भर दुपारी येतो. मी चक्क नाही म्हणले. लेकरं झोपलेली असताना अनोळखी माणूस आत आणायचा नाही, सौदा मोडला तरी चालेल. फीचं रजिस्टर दाखवताना नावांवर पट्टी ठेवा. लेकरांचे आधार, फोटो, आईबापाचे नंबर यातलं काही सौदा पक्का होऊन पालकांनी हो म्हणेपर्यंत द्यायचं नाही, 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदाही लेकरांच्या बाबतीत पालकांची संमतीच मागतो.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 100-200 चे स्टॅम्प गेले, आता करारनाम्याला कमीत कमी 500 चा. आपल्या एकटीच्या नावावर धंदा असेल तर शॉप ॲक्ट आणि उद्यम (म्हणजे दुकानाची आणि लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) नवीन माणसाला आपल्या नावानं काढावं लागतं. भाड्याच्या जागेचा लिव्ह-लायसन्स नवा करून रजिस्टर करायचा, तेव्हा घरमालकाला टोकनच्या आधी सांगावंच लागतं. फ्रँचायझी असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख अजिबात घेऊ नका, घेतले तेवढाच दंड बसू शकतो. आणि "मी पुन्हा धंदा करणार नाही" यावर सही करताना हद्द आणि वर्षं बघा. गुडविल, म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव, विकलं असेल तर 1872 च्या करार कायद्यात अशी अट चालते, पण वाजवी हद्दीपुरतीच. मी 3 किलोमीटर, 3 वर्षं लिहून दिलं, ते पूर्ण जिल्हा म्हणत होते.

टोकन आलं त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा मावशींना सांगितलं. त्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या, हात थांबला नाही त्यांचा, फक्त म्हणल्या, "मंग दुपारी पोरांना कोन झोपवनार?" तुम्हीच, म्हणलं, आणि पगार हजारानं वाढणार, लिहून घेतलंय. हे खरंच करारात घाला. पालक आपल्या बोर्डकडं बघून लेकरू ठेवत नाहीत, मावशीच्या कडेवर बघून ठेवतात.

पालकांना ताब्याच्या तीन आठवडे आधी, ग्रुपवर मेसेज टाकून नाही, पाळणाघरवाल्यांना एकेकाला घ्यायला आल्यावर सांगितलं, नवीन मॅडमला शेजारी उभं करून. कुणी विचारलं आधी का नाही बोललात, तर सरळ म्हणलं, पक्कं नव्हतं म्हणून. दोघांनी लेकरं काढली. आगाऊ आलेल्या फीचा हिशोब ताब्याच्या तारखेनं तोडला, सीसीटीव्हीचा पासवर्ड बदलून दिला, गूगल मॅपची नोंद त्यांच्या नावावर केली.

एक राहिलंच, काउंटरवरचा क्यूआर. तो माझाच होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मे महिन्यात पाच जणांची फी माझ्या खात्यात येऊन पडली, एकेकाला फोन करत बसले आणि पैसे पुढं पाठवले.