कोकणातल्या पावसात सतार अशी सांभाळा

रत्नागिरीत मी 26 वर्षं सतार वाजवते नि शिकवते. नव्या विद्यार्थ्याला आधी अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वरमाळा, देत नाही, तार पुसायला शिकवते. इथला खारा वारा पोलादी तारेला बघता बघता गंजवतो, आणि गंजक्या तारेवर मींड ओढली, म्हणजे तार बाजूला ताणून एका सुरावरून दुसऱ्यावर गेलं, की बोट सोलतं. वाजवून झालं की मऊ सुती फडक्याची घडी बाजाच्या, म्हणजे ज्यावर मुख्य सूर वाजतो त्या तारेखालून घाला, चिमटीत धरा आणि घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) खुंट्यांपर्यंत सावकाश ओढत न्या. फडक्यावर तपकिरी रेघ उमटली तर तार बदला. पडद्यांखालच्या 11 ते 13 तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, मऊ ब्रशने झटका.

मृग लागायच्या आत खुंट्या बघा. लाकूड ओल धरून फुगतं आणि खुंटी रुतून बसते. पक्कड लावू नका, दांडी तडकेल. मे महिन्यातच एकेक तार सैल करून खुंटी काढा, कोरडी पुसा. सरकत असेल तर खडू फिरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, पावसात सतार पेटीत कोंडून ठेवू नका. एका गणपतीत मी पंधरा दिवस घर बंद करून गावी गेले. आल्यावर पेटी उघडली तर कुबट वास, भोपळ्यावर हिरवट बुरशी आणि तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाचा, सांधा सुटलेला. रडूच आलं. भोपळा पंढरपूरकडच्या कोरड्या हवेत वाढलेला, त्याला आपली ओल कशी सोसावी? आंबा घाट चढून सतार मिरजेच्या कारागिरांकडे नेली, तेव्हा वाचली. आता ती माजघरातल्या लाकडी कपाटात उभी असते, खालच्या कोपऱ्यात 40 वॉटचा पिवळा दिवा. दिवा वाद्याला चिकटून नको, उष्णतेनेही भोपळा फुटतो. आणि रोज वाजवा. हात लागलेलं वाद्य बुरशी धरत नाही, असा माझा अनुभव आहे.

जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून नीट करणं, मात्र पाऊस सरल्यावरच कारागिराकडून करून घ्या, दिवाळीनंतर मैफली सुरू होतात त्याच्या आधी. घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर तार टेकत-सुटत थरथरते, त्यातून तो झणकार येतो. तिथे तारेने चर पाडला की सूर बसका होतो. हे काम घरी कानस घेऊन करू नका. मिरजेच्या सतारीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या कारागिरांच्या याच हातामुळे.

नव्या तारा चढवल्यात तर लगेच मैफलीला बसू नका. आठ दिवस रियाजात वाजवा, ताणून ताणून त्या सुरात ठरतात.