ल्युबेरोंमधल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांत जाताय? या चुका टाळा

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सला, तिथल्या ल्युबेरों या डोंगराळ भागात, आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा बोन्यू गावात पोचायला दुपारचे सव्वादोन वाजले. सकाळभर गोर्दमध्ये फोटो काढत रेंगाळलो होतो. जेवणाचं काय, मिळेल कुठेतरी, असं गृहीत धरलेलं. खानावळीच्या अंगणात लोक कॉफी घेत निवांत बसले होते, टेबलंही रिकामी होती. पण वाढणाऱ्या बाईंनी हसून मान हलवली. चूल बंद झाली होती. बेकरीही दुपारपुरती बंद. गाडीतल्या चकल्यांवर आम्ही संध्याकाळ गाठली.

चूक आमचीच होती, आणि तिथे जाणारे आपले बरेच लोक हीच चूक करतात. त्या गावांतलं छोटं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालतं. नंतर रात्री सात-साडेसातशिवाय गरम जेवण नाही. म्हणून दिवस आखताना आधी जेवणाची जागा ठरवा आणि गावं तिच्या आजूबाजूला बसवा. साडेबाराचं टेबल फोन करून राखून ठेवा. रविवारी तर नक्कीच, कारण तेव्हा स्थानिक कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला बाहेर पडतात. जेवणाआधी एक गाव, जेवणानंतर एक, एवढंच पुरे. गोर्द, रूसियों, मेनेर्ब, लाकोस्त, बोन्यू ही सगळी एकमेकांपासून जवळ आहेत, त्यामुळे पाचही एका दिवसात उरकायचा मोह होतो. मग लक्षात राहतात ती फक्त पार्किंगची यंत्रं. आणि निघण्याआधी वार बघा: सोमवार-मंगळवारी बरीच हॉटेलं बंद असतात, हिवाळ्यात काही तर आठवडेच्या आठवडे.

आत शिरताना पहिला शब्द ‘बोंजूर’. टेबल आहे का, शाकाहारी मिळेल का, हे सगळं त्यानंतर. आपल्याकडे एखाद्याच्या ओसरीवर चढताना राम राम केल्याशिवाय आपण कामाचं बोलत नाही, तसंच हे. थेट इंग्रजीत प्रश्न टाकला की समोरचा आखडतो आणि आपण म्हणतो, फ्रेंच लोक तुसडे आहेत.

‘मन्यू’ या शब्दानेही घोटाळा होतो. आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते तिथे ‘कार्त’. ‘मन्यू’ म्हणजे ठरलेल्या दरातलं दोन किंवा तीन पदार्थांचं जेवण, आपल्या राइसप्लेटच्या जवळचं. ‘प्ला द्यू जूर’, म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, बहुधा सर्वांत ताजा आणि परवडणारा असतो. नुसतं पाणी मागाल तर विकतची बाटली येऊ शकते. ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. जेवणाबरोबरच्या पावाचेही वेगळे पैसे नसतात. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही. वाट बघत चिडू नका. तुम्हाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं.

आता शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, हॅम नको, असं एकेक सांगा, तेही टेबल राखतानाच. काळ्या ऑलिव्हची चटणी, म्हणजे तापनाद, दिसायला निर्धोक वाटते; पण तिच्यात बहुतेक वेळा अँकोव्ही हे खारवलेले मासे वाटलेले असतात. कांद्याचं सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवतात. हिरव्या सॅलडवर ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, भुरभुरलेले असू शकतात. फुगास या पावातही कधी कधी तेच असतात.

मग खायचं काय? उन्हाळ्यात ‘सूप ओ पिस्तू’ शोधा: घेवड्याच्या शेंगा, घेवड्याचे सोललेले दाणे, दुधीच्या जातीची कोवळी कुर्जेत आणि वरून तुळशीच्या कुळातलं बेसिल, लसूण व ऑलिव्ह तेल यांचं वाटण. आमटीत पालेभाजी आणि कडधान्य आवडणाऱ्याला ते पहिल्या घासातच आपलं वाटतं. फक्त त्यात हॅम घातलंय का, ते विचारून घ्या. भाज्यांच्या चकत्या रचून भाजलेलं ‘तियाँ’ आणि बकरीच्या दुधाचं गरम चीज ठेवलेलं सॅलडही चांगलं. चेस्टनटच्या पानांत गुंडाळलेलं बानों चीज तिथलंच. मात्र पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुतेकदा वासराच्या किंवा करडाच्या जठरातलं विरजण वापरतात. कडक शाकाहारी असाल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

एखाद्या दुपारी खानावळ टाळून बाजारातून जेवण जमवा. गोर्दचा बाजार मंगळवारी, बोन्यू आणि लूर्मारँचा शुक्रवारी, आप्तचा मोठा बाजार शनिवारी. सगळे सकाळचे, बारा वाजून गेले की ठेले आवरायला लागतात. फळं स्वतः दाबून बघू नका, विक्रेत्याला निवडू द्या. काव्हायोंचं खरबूज मागितलंत तर तो विचारेल, आज खायचंय की उद्या? आणि त्याप्रमाणे पिकलेलं काढून देईल. माझ्या मते त्या प्रवासातलं सर्वांत चांगलं जेवण म्हणजे ते खरबूज, ताजा पाव आणि सावलीतली दगडी पायरी.

गाडीबद्दल थोडक्यात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. नकाशा सांगतो म्हणून गावाच्या वरच्या गल्लीत गाडी घालू नका. ही गावं मध्ययुगात बचावासाठी उंचावर वसली. गल्ल्या माणसं आणि खेचरांच्या मापाच्या आहेत. खालीच गाडी लावा आणि चढा. दगडी फरसबंदी गुळगुळीत झालेली असते, पकड असलेले बूट हवेत. रूसियोंच्या गेरूच्या टेकड्यांत पांढरे कपडे नकोत, तांबडी माती सहज निघत नाही. लॅव्हेंडरसाठी सेनांक मठाकडे (स्थापना ११४८) जायचं तर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. ऑगस्टमध्ये कापलेली खुंटं दिसतात. आणि मिस्त्राल हा उत्तरेचा वारा एप्रिलच्या उन्हातही हुडहुडी भरवतो, तेव्हा स्वेटर गाडीत ठेवा.

शेवटची चूक मुक्कामाची. आव्हिन्यों शहरात राहून रोज ये-जा केलीत तर गावं फक्त गर्दीतच भेटतात. एक रात्र तरी वर राहा. संध्याकाळी बसगाड्या उतरून गेल्या की चौकात गावातलीच माणसं उरतात, आणि सकाळी बेकरीचं दार उघडतं तेव्हा रांगेत तुमच्याखेरीज सगळे शेजारीपाजारीच असतात. तिथेही आधी बोंजूर, मग पाव.